वळणावरची कड

आमच्या घरात बोलणं कमी आणि घोटणं जास्त. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, गवंडी होते. विटा रचणारे गवंडी आमच्या भोर तालुक्यात पैशाला पासरी मिळायचे, पण आण्णांना माणसं शोधत यायची ती कोब्यासाठी. सिमेंटची जमीन अर्धवट ओली असतानाच तिच्यावर गोटा फिरवत बसायचं, गुडघ्यानं मागे मागे सरकत, त्या जमिनीत छपराचे वासे दिसायला लागेपर्यंत. गोटा म्हणजे नदीतला काळा दगड, मुठीत मावेल एवढा. आण्णांचा गोटा त्यांच्या वडिलांचा होता आणि इतका गुळगुळीत झाला होता की ओला असला की हातातून निसटायचा. आई संगजिऱ्याची पांढरी पूड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून जमिनीवर हलक्या हातानं आपटत जायची, तिच्यामागून आण्णा घोटत यायचे. सर्र, सर्र, सर्र. मधेच हायवेवरून एखादा ट्रक गिअर बदलत जायचा, तो आवाज बुडायचा, आणि ट्रक लांब गेला की पुन्हा सर्र, सर्र. आमचं कामथडीतलं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर होतं. आता तो रस्ता एवढा रुंद झालाय की पलीकडे जायचं तर जीव मुठीत धरावा लागतो. तेव्हा आम्ही शेळ्या घेऊन रमतगमत ओलांडायचो.

मी डावरी. जेवायला बसलं की आई माझ्या डाव्या हातावर चापट मारायची, सासरी नाक कापशील म्हणायची. आण्णांना त्याचं काही वाटायचं नाही. मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यांच्या शेजारी बसून कोपरे घोटायला लागले, तेव्हा त्यांनी नदीत उतरून माझ्यासाठी वेगळा गोटा निवडून आणला, डाव्या तळव्यात नीट बसणारा. माझं घोटणं उलटं फिरायचं. त्यांचे फेरे घड्याळाच्या काट्यासारखे, माझे त्याच्या विरुद्ध. एरवी जमिनीकडे बघून ते कुणाच्या बापाला कळलं नसतं, पण सकाळचं तिरपं ऊन आत आलं की आण्णा ओला तळवा फरशीवरून फिरवायचे आणि बोटानं रेघ मारून दाखवायचे, हितपत्तूर माझं, हितनं पुढं तुझं. सतरा-अठराची होईपर्यंत माझा हात त्यांच्या तोडीचा झाला होता. बढाई म्हणून सांगत नाही. पुढे सगळा जन्म मी अंगणवाडीत लोकांच्या पोरांची नाकं पुसण्यात घालवला, आणि तेही काम चांगलंच केलं, पण देवानं माझ्या हातात जी कला घातली होती ती ही होती.

त्या साली हायवेच्या कडेचा खडकाळ माळ पुण्याच्या एका माणसानं घेतला. शिरीष त्याचं नाव. वय तिशीच्या आतबाहेर, डोक्यावर कापडी टोपी, जीप स्वतः चालवायचा आणि समोर म्हातारा दिसला की हात जोडायचा. गावानं पहिल्याच आठवड्यात त्याला शेठ करून टाकलं. त्याला त्या माळावर वाटरपार्क काढायचा होता. आमच्यात तो शब्द कुणी ऐकलेला नव्हता. पारावर त्याची लई चेष्टा झाली. नदी आहे, विहिरी आहेत, पोरं पांगाऱ्याचं लाकूड कमरेला बांधून फुकटात पोहायला शिकतात, तर तिकीट काढून पाण्यात पडायला कोण येडं येणार, असं सगळे म्हणायचे. पण त्यानं परदेशात असले बाग बघितले होते, फोटोंचा जाडजूड अल्बम काखेत घेऊन तो हिंडायचा. त्याची अडचण एकच होती. तिकडच्या घसरगुंड्या फायबरच्या, त्या इकडे मिळत नव्हत्या आणि बाहेरून आणणं त्याला झेपणारं नव्हतं. मग नसरापूरच्या एका कापडदुकानात त्यानं आण्णांनी केलेली जमीन बघितली आणि विचारत विचारत आमच्या दारात आला.

ओटीवर पाय ठेवायच्या आधी त्यानं बूट काढले आणि नुसत्या पायमोज्यांवर आमच्या कोब्यावरून इकडून तिकडे घसरत गेला, शाळकरी पोरासारखा. आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग तो आण्णांपुढे मांडी घालून बसला आणि म्हणाला, "वस्ताद, हीच जमीन मला उतरती करून द्याल का? माणूस वरून सुटला की थेट खाली पाण्यात." आण्णा कधी नव्हे ते मोकळं हसले. आजवर माणसं घसरू नयेत म्हणून मी न्हाणीघरं खरखरीत करत आलो आणि तुम्ही हे काय उलटं मागताय, म्हणाले. पण मला दिसत होतं, त्यांची बोटं गुडघ्यावर फिरायला लागली होती. मनातल्या मनात ते ढाळ काढत होते.

पुढचे चार महिने शिरीषशेठ आमच्या घरचाच झाला. दुपारी जेवायला आमच्याकडे. तांदळाची भाकरी, हुलग्याचं माडगं, पावट्याची आमटी, आणि खेकडे मिळाले तर त्यांचं कालवण. पहिल्यांदा खेकड्याची नांगी त्याला फोडता येईना, तेव्हा आण्णांनी ती पाट्यावर ठेचून त्याच्या ताटात ठेवली. आण्णा स्वतःच्या लेकरांना सोडून दुसऱ्या कुणासाठी असं काही करतील हे मी त्याआधी बघितलं नव्हतं. तोही आण्णांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. वस्ताद म्हणतील तसं, वस्तादांना विचारा, वस्ताद आले का. भोरहून कुणी ओळखीचं बघायला आलं की आण्णांना हाताला धरून पुढे करायचा. आण्णांचं नाव तालुक्यात होतंच, पण ते नाव असं चारचौघांत मोठ्यानं घेणारा हाच पहिला. मला तर तो आवडायचाच. आज हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते, पण आवडायचा.

घसरगुंडी टेकाडाच्या अंगानंच उतरवली होती. खाली दगडांची भर, वर विटा, त्यावर कोबा, आणि मधोमध एक मोठं वळण. आण्णांकडे नकाशा नव्हता. ते पोत्यात माणसाच्या वजनाची वाळू भरायचे, पोतं ओलं करायचे, वरून पाणी सोडून त्याला ढकलून द्यायचे आणि वळणाशी उभे राहून बघायचे. पोतं वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर चढायचं, एका जागी कडेच्या जेमतेम वीतभर खाली येऊन वळायचं आणि खाली जायचं. वीस वेळा सोडलं, वीस वेळा तेच. मग आण्णा म्हणाले, भिंत बरोबर आहे, ही वरची वीत देवाची, तिला हात लावायचा नाही. पोत्यानंतर माणूस कोण सोडायचा यावर बाप्ये एकमेकांकडे बघत राहिले, तेव्हा मी सलवार घोट्याशी बांधली आणि जाऊन बसले. आई खालून ओरडत होती. मी सुटले. पाठीखाली माझ्याच हातानं घोटलेली जमीन पळत होती, वळणावर भिंतीवर चढून तशीच खाली वळले, आणि दुसऱ्या क्षणी नाकातोंडात गढूळ पाणी. वर आले तेव्हा आण्णा कडेला उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली. एवढी खूश मी पुढे माझ्या लग्नातही नव्हते.

उद्घाटन तोंडावर आलं आणि शिरीषशेठला ती वळणावरची भिंत खुपायला लागली. हायवेवरून नुसती भिंत दिसते, घसरणारा माणूस दिसतच नाही, असं त्याचं म्हणणं. गाडीतल्या लोकांना हसरी तोंडं दिसली तर ते थांबतील, भिंत बघून कोण थांबणार. वीतभर कमी करा म्हणाला. आण्णांनी पोतं दाखवलं आणि नाही म्हणाले. भांडण नाही, चढा आवाज नाही. तो हसला, वस्ताद म्हणतील तसं, म्हणाला, आणि आण्णांपुरता विषय संपला. दुसऱ्या दिवशी आण्णा वेल्ह्याकडच्या एका गावात देवळाचा सभामंडप घोटायला गेले. आठवड्याचं काम होतं, आणि उद्घाटन त्यानंतर धरलं होतं.

आण्णा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शेठ आमच्या ओटीवर आला. आई रानात होती. त्यानं सांगितलं की भिंतीची वरची वीत काढून घेतली आहे, छिन्नीनं कड ओबडधोबड झाली आहे, तेवढी तू घोटून दे. मी म्हणाले, आण्णा नको म्हणाले होते. तेव्हा तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि एकदम घरच्यासारखं बोलला.

"अगं, वस्तादांना विचारूनच केलंय. परवा वेल्ह्याला जाऊन आलो मी. ते म्हणाले, कड माझ्या पोरीकडून घोटून घ्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

मग म्हणाला की पार्क सुरू झाला की बायकांच्या बाजूची सगळी देखरेख तुझ्याकडे, तुझ्यासारखी हुशार पोरगी मला पुण्यात सापडली नाही. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरे होतं. त्याचा शब्द मी का मानला, हे मी स्वतःला चाळीस वर्षं विचारते आहे. ते खोटं चांगल्या मापाचं होतं, आण्णा म्हणतील असंच वाक्य होतं ते. आणि खरं सांगायचं तर मला ते खरं असायला हवं होतं. आण्णांनी सगळ्या माणसांतून माझ्या हाताचं नाव घेतलं, याचाच मला कैफ चढला. पोतं एकदा सोडून बघावं, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

दोन दिवस मी ती कड घोटली. सिमेंट, संगजिरं, पाणी, आणि माझा डावा गोटा. जुना कोबा आणि नवा कोबा जिथे मिळतो तो जोड लपवणं सगळ्यात अवघड. मी तो असा मिळवला की शेवटी मलाच सापडेना. शेठनं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, बापापेक्षा वरचढ आहेस.

मग कुणीतरी मोठा पाहुणा त्याच आठवड्यात पुण्याहून येणार म्हणून त्यानं उद्घाटन अलीकडे ओढलं. आण्णांना निरोप पाठवलाय म्हणाला. मांडव, ताशा, भोरहून एसटी भरभरून आलेली माणसं, पाण्यात भिजायला लाजणाऱ्या नऊवारीतल्या बायका. मी बायकांच्या बाजूला नवी ओढणी घेऊन उभी होते. पहिले पंधरा-वीस जण हलके होते, पोरंच होती, ती नीट उतरली. मग भोरच्या कॉलेजातला एक दांडगा मुलगा बसला. वळणावर तो भिंतीवर चढला, आणि चढतच गेला. हायवेवरून बघणाऱ्यांना खरंच त्याचं तोंड दिसलं असेल. तो पलीकडे दगडांच्या भरावर पडला. ताशा थोडा वेळ वाजतच राहिला, कारण वाजवणाऱ्यांची पाठ तिकडे होती.

तो वाचला. मांडीचं हाड मोडलं होतं, पाय पुढे कायमचा आखूड राहिला. मी त्याला नंतर भोरच्या एसटी स्टँडवर कितीदा तरी बघितलं. लंगडत यायचा, पेपर घ्यायचा, बाकावर बसायचा. एकदाही मी त्याच्याजवळ गेले नाही.

आण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांना कसला निरोप मिळाला नव्हता, संगजिरं संपलं म्हणून काम अर्ध्यावर ठेवून ते घरी यायला निघाले होते. नसरापूरला एसटीतून उतरले तेव्हा चहाच्या टपरीवर त्यांना कळलं की तुमच्या घसरगुंडीवरून पोरगं उडालं. तिथून ते चालत तडक माळावर आले. तिथे सरपंच होते, पोलीस होते, अर्धं गाव होतं, मी आईच्या मागे उभी होते. शिरीषशेठ वहीत लिहिणाऱ्या पोलिसाशी बोलत होता. आण्णा आले हे त्यानं बघितलं आणि तरी त्याच आवाजात बोलत राहिला.

"मला यातलं काय कळतं, साहेब? गवंड्यानं जेवढी भिंत बांधून दिली, तेवढी आहे."

गवंडी. चार महिने वस्ताद, वस्ताद करून ज्यानं जीभ झिजवली, आमच्या ताटात जेवला, त्यानं आण्णांकडे न बघता गवंडी म्हटलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं. मुडदा बशिवला मेल्याचा. एवढी वर्षं देवधर्म केला, तरी ही एक शिवी माझ्या तोंडातून गेली नाही.

आण्णा सरळ वर चढले. वळणाशी गेले, भिंतीशी उभे राहिले. कड त्यांच्या कमरेच्या वर यायला हवी होती, ती खाली होती. हे त्यांना लांबूनच दिसलं असणार. पायाशी साचलेल्या पाण्यात त्यांनी तळवा बुडवला आणि कडेवरून फिरवत नेला, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऊन अजून तिरपं होतं. मग ते वाकले आणि कडेवर उमटलेल्या फेऱ्यांकडे आडवं बघितलं. मला वाटलं, आता ते वळून म्हणतील की ही वीत कुणी काढली. मी तोंड उघडायच्या तयारीत होते, खरंच होते. पण आधी आण्णा बोलू देत, मग मी बोलते, असं मनात धरून बसले. पोलिसानं खालून विचारलं की काम तुमचंच का.

"व्हय," आण्णा म्हणाले. "माझ्याच घरचं काम हाय."

मी तोंड उघडलं नाही.

त्या मुलाच्या घरच्यांनी तक्रार केली नाही, आण्णांना कुणी अटक केली नाही. पण तालुक्याला जे कळायचं ते कळलं. वेल्ह्याच्या देवळाचा सभामंडप अर्धा घोटून झाला होता. तिथल्या लोकांनी निरोप पाठवला की राहू द्या, आम्ही शहाबादी बसवतो. नसरापूरच्या दुकानदारांनी टाईल्स घातल्या. आण्णांना बोलावणं यायचं ते गोठ्याच्या जमिनीसाठी नाहीतर संडासाच्या भिंतीसाठी, आणि ते जायचे. घरात घोटायचा आवाज बंद झाला. आईनं संगजिऱ्याची पुरचुंडी तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिली.

महिन्याभरानं मी एकटी माळावर गेले. शिरीषशेठ खुर्ची टाकून बसला होता, पलीकडे मजूर आण्णांच्या घसरगुंडीवर घण घालत होते. मी त्याला विचारलं की तुम्ही वेल्ह्याला कधी गेला होता, कुठल्या दिवशी आण्णांना विचारलं होतं. तो चिडला नाही की घाबरला नाही. सावकाश म्हणाला, "हे बघ, ती कड कुणी घोटली ते मी पोलिसांना सांगितलं नाही. उपकार मान." मी तशीच परत फिरले.

त्याला पुढे फायबरच्या घसरगुंड्या मिळाल्या, पुण्याच्या सहली यायला लागल्या, त्यानं आणखी दोन ठिकाणी असेच बाग काढले. परवा सुनेनं मोबाईलवर दाखवलं, कुठल्याशा सभेत त्याचा सत्कार होता. या धंद्यातला पहिला माणूस म्हणून शाल, श्रीफळ, पगडी. म्हातारा झालाय, पण बोलणं तसंच गोड. सांगत होता की त्या काळी इथे काहीच मिळत नव्हतं, स्थानिक मजुरांना हाताशी धरून मी घसरगुंडी उभी केली, त्यांना शिकवलं. गवंडीही नाही आता, मजूर. सून कौतुकानं म्हणाली, आई, हे तुमच्या माहेरच्या गावचं ना. मी व्हय म्हणाले आणि उठून आत गेले.

पण ती कड घोटणारा हात माझा होता, हे आण्णांना ठाऊक होतं का, ते मला त्या दिवसानंतर बरेच दिवस कळत नव्हतं. ते माझ्याशी आधीसारखेच वागायचे, म्हणजे फार काही बोलायचे नाहीत. मी मनाची समजूत घातली होती की पोलिसासमोर ते भिंतीबद्दलच बोलले. माझ्याच घरचं काम, म्हणजे आपलंच काम, आपण सगळ्यांनी मिळून केलेलं. रोज एकदा ठरवायची की आज सांगून टाकू, आणि रोज संध्याकाळ व्हायची.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. ओटीच्या उंबऱ्याजवळचा कोबा उखडला होता आणि वऱ्हाड तिथूनच आत येणार, म्हणून आण्णांनी तेवढा तुकडा नव्यानं करायला घेतला. सकाळी सिमेंट ओढून झालं, आईनं डब्यामागची पुरचुंडी काढली, आणि आण्णांनी मला हाक मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी हातातलं काम टाकून धावत गेले. माझा गोटा कोनाड्यातून काढून आणला, ओढणी खोचली, गुडघ्यावर बसले. माझ्या डोळ्याला पाणी आलं होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी खाली बघत होते.

आण्णांनी माझ्या डाव्या हातातून तो गोटा काढून घेतला. स्वतःचा, वडिलांकडून आलेला, माझ्या उजव्या हातात ठेवला. आवाजात राग नव्हता. घरात रोज बोलायचे तसंच बोलले.

"हितं उजव्या हातानं घोट."

मी घोटलं. उजव्या हाताला ते जमत नव्हतं, गोटा घसरत होता, फेरे वेडेवाकडे पडत होते, आणि आण्णा शेजारी बसून शेवटपर्यंत बघत राहिले. तो तुकडा अजून आमच्या माहेरच्या उंबऱ्याशी आहे. भाऊ कितीदा म्हणाला, ताई, तिथं पाय अडखळतो, टाईल बसवून घेऊ. मी बसवू देत नाही.